विश्लेषण : ‘देव आहे का?’ या प्रश्नाला ‘माहीत नाही’ हे उत्तर चालते का? अज्ञेयवाद नेमके काय सांगतो?

अज्ञेयवादी म्हणजे अर्धा नास्तिक, किंवा तळ्यात-मळ्यात करणारा, असा समज आपल्याकडे रूढ आहे. दीडशे वर्षांपूर्वी हा शब्द घडवणाऱ्या शास्त्रज्ञाला मात्र वेगळेच म्हणायचे होते. जनगणना तोंडावर आलेली असताना या शब्दाचा अर्थ नीट समजून घेणे गरजेचे आहे.

‘देव मानता का?’ हा प्रश्न आपल्याकडे स्थळ पाहण्याच्या कार्यक्रमापासून ऑफिसातल्या डब्याच्या सुट्टीपर्यंत कुठेही विचारला जातो. ‘हो’ म्हटले तर विषय संपतो. ‘नाही’ म्हटले तर वाद होतो, पण निदान आपण कोणाशी बोलतो आहोत हे समोरच्याला कळते. पंचाईत होते ती ‘माहीत नाही’ म्हणणाऱ्याची. श्रद्धाळूंना तो नास्तिक वाटतो, नास्तिकांना तो घाबरट वाटतो आणि घरच्यांना वाटते, वय झाले की येईल ताळ्यावर.

या तिसऱ्या उत्तराला इंग्रजीत अ‍ॅग्नॉस्टिसिझम आणि मराठीत अज्ञेयवाद असे नाव आहे. येत्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे आणि प्रत्येक घरात धर्माचा रकाना भरला जाणार आहे. त्याआधी हा शब्द कुठून आला, त्याचा अर्थ कसा बदलत गेला आणि ‘माहीत नाही’ हे उत्तर प्रतिष्ठित का मानायला हवे, याचा हा आढावा.

हा शब्द कोणी आणि का घडवला?

थॉमस हेन्री हक्सले हे एकोणिसाव्या शतकातले इंग्रज जीवशास्त्रज्ञ. उत्क्रांतीच्या सिद्धांताची बाजू त्यांनी इतक्या हिरिरीने लढवली की त्यांना ‘डार्विनचा बुलडॉग’ म्हटले जाई. १८६९ मध्ये लंडनमध्ये ‘मेटाफिजिकल सोसायटी’ स्थापन झाली. धर्मगुरू, तत्त्वज्ञ, शास्त्रज्ञ, राजकारणी असे सगळे तिथे एकत्र बसून ईश्वर, आत्मा, नीती यांवर वाद घालत. तिथल्या प्रत्येकाला कुठला ना कुठला ‘वाद’ होता. हक्सले यांना मात्र स्वतःला लावायला एकही लेबल सापडेना. शेपूट तुटलेल्या कोल्ह्याला इतर कोल्ह्यांत वावरताना जसे वाटावे तसे आपल्याला वाटत होते, असे त्यांनी १८८९ मधल्या ‘अ‍ॅग्नॉस्टिसिझम’ या निबंधात लिहून ठेवले आहे. शेवटी त्यांनी स्वतःच एक शेपूट तयार केले : ‘अ‍ॅग्नॉस्टिक’.

ख्रिस्ती धर्माच्या सुरुवातीच्या शतकांत ‘नॉस्टिक’ म्हणवणारे पंथ होते. गूढ ज्ञान आपल्याला गवसले आहे, असा त्यांचा दावा असे. ज्या गोष्टींबद्दल आपल्याला काहीच ठाऊक नाही, नेमक्या त्याच गोष्टींबद्दल हे लोक खात्रीने बोलत, म्हणून आपण त्यांच्या उलट, असा हक्सले यांचा खुलासा आहे. यातल्या ग्रीक ‘ग्नोसिस’चे आणि आपल्या ‘ज्ञान’ या शब्दाचे मूळ एकच आहे. सुरुवातीचा नकारदर्शक ‘अ’सुद्धा आपल्याच ‘अ’चा भाऊबंद आहे.

‘स्पेक्टेटर’ साप्ताहिकाचे संपादक रिचर्ड हटन यांनी मात्र या शब्दाची वेगळी कथा सांगितली. बायबलमध्ये संत पॉल अथेन्समध्ये एक वेदी पाहतात. तिच्यावर ‘अज्ञात देवाला’ असे कोरलेले असते. हक्सले यांना शब्द तिथून सुचला, असे हटन यांचे म्हणणे होते. दोन्ही कथांत फरक छोटा दिसतो, पण तो महत्त्वाचा आहे. एका कथेत शब्दाचा रोख माणसाच्या जाणिवेवर आहे, दुसऱ्या कथेत तो देवावर आहे. या शब्दाबद्दलचा पुढचा बराचसा गोंधळ इथूनच सुरू होतो.

ही केवळ वादसभेतली हुशारी होती का?

तसे वाटू शकते. पण शब्द घडण्याच्या नऊ वर्षे आधी हक्सले यांच्या घरात जे घडले, ते पाहिले की या भूमिकेची किंमत कळते.

सप्टेंबर १८६० मध्ये त्यांचा थोरला मुलगा नोएल स्कार्लेट फीव्हरने गेला. तो चार वर्षांचाही झाला नव्हता. लेखक आणि धर्मगुरू चार्ल्स किंग्जली यांनी सांत्वनाचे पत्र पाठवले. मृत्यूनंतर भेट होते, या विश्वासाचा आधार त्यांनी देऊ केला. हक्सले यांनी उलट टपाली लांबलचक उत्तर लिहिले. माणसाच्या अमरत्वाचा आपण स्वीकारही करत नाही आणि इन्कारही करत नाही, असे त्यांनी त्यात म्हटले. विश्वास ठेवायला आपल्याला कारण दिसत नाही, आणि ते खोटे ठरवायला साधनही आपल्याकडे नाही. एखादी गोष्ट खरी असावी असे आपल्याला फार वाटते, एवढ्याने ती खरी ठरत नाही. उलट जे हवेहवेसे वाटते, त्याला पुरावा जास्तच कसून मागायला हवा.

त्याच पत्रात दफनविधीचा एक प्रसंग आहे. मेलेले पुन्हा उठणार नसतील तर खा, प्या, कारण उद्या मरायचेच आहे, अशा आशयाचा बायबलमधला मजकूर तिथे वाचला गेला. शवपेटीजवळ उभ्या असलेल्या हक्सले यांना ते ऐकून धक्का बसला. परलोकाची खात्री नाही म्हणून पोर गमावलेल्या बापाने माणुसकी सोडायची आणि जनावरासारखे जगायचे, असा याचा अर्थ होतो का, हा त्यांचा सवाल होता.

दुःखात कोणीही सांत्वन स्वीकारले तर त्याला दोष देता येत नाही. ते न स्वीकारणारा माणूस निष्ठुर किंवा गर्विष्ठच असतो, हा समज मात्र या पत्राने खोटा ठरतो. ‘माहीत नाही’ हे उत्तर इथे सोयीचे नव्हते. उपलब्ध असलेल्या उत्तरांपैकी ते सर्वांत अवघड होते.

डार्विनचे काय मत होते?

चार्ल्स डार्विन यांनीही पुढे हाच शब्द स्वतःसाठी वापरला. १८७९ मधल्या एका पत्रात त्यांनी लिहिले की, मनाची कितीही आंदोलने झाली तरी ईश्वराचे अस्तित्व नाकारणारा, या अर्थाने आपण कधीच नास्तिक नव्हतो. आपल्या मनःस्थितीचे वर्णन बहुतेक वेळा ‘अ‍ॅग्नॉस्टिक’ या शब्दाने अधिक बरोबर होईल. जगातील ज्या माणसाच्या पुस्तकावरून देव आणि विज्ञान यांचे सर्वांत मोठे भांडण पेटले, तो स्वतः मात्र दोन्ही छावण्यांत नव्हता.

मराठीतला ‘अज्ञेयवाद’ नेमके काय सांगतो?

इथे मराठी वाचकाने थोडे थांबायला हवे. ‘ज्ञा’ या धातूपासून आपल्याकडे जवळजवळचे तीन शब्द आहेत. ‘अज्ञ’ म्हणजे न जाणणारा. ‘अज्ञात’ म्हणजे अजून न कळलेले. आणि ‘अज्ञेय’ म्हणजे जे कळूच शकत नाही असे. पहिला शब्द माणसाबद्दल बोलतो, दुसरा आजच्या परिस्थितीबद्दल, तर तिसरा थेट त्या वस्तूच्या स्वभावाबद्दल.

हक्सले यांचा मूळ शब्द पहिल्या अर्थाजवळचा आहे : मी जाणत नाही, आणि जाणतो असे सोंगही करणार नाही. मराठी ‘अज्ञेयवाद’ मात्र तिसऱ्या अर्थाचा आहे : हे कोणालाही, कधीही कळणार नाही. पहिल्यात स्वतःबद्दलची कबुली आहे. तिसऱ्यात विश्वाबद्दलचा मोठा दावा आहे, आणि दावा म्हटला की त्यालाही पुरावा लागतो.

हा तिसरा अर्थ हर्बर्ट स्पेन्सर यांच्याशी जास्त जुळतो. त्यांच्या ‘फर्स्ट प्रिन्सिपल्स’ (१८६२) या ग्रंथाच्या पहिल्या भागाचे शीर्षकच ‘अज्ञेय’ या अर्थाचे आहे. दृश्य जगामागे एक अंतिम सत्य आहे, पण ते माणसाच्या बुद्धीच्या आवाक्याबाहेरच राहणार, अशी त्यांची मांडणी होती. हक्सले यांना हे मान्य नव्हते. एखाद्या गोष्टीवर ‘अज्ञेय’ असा कायमचा शिक्का मारणे आपल्याला फारसे रुचत नाही, असे त्यांनी नोंदवून ठेवले आहे. म्हणजे ज्यांनी शब्द घडवला, त्यांनाच त्याचा मराठी अवतार खटकला असता.

एकोणिसाव्या शतकातल्या सुशिक्षित महाराष्ट्रात मिल आणि स्पेन्सर आवडीने वाचले जात. गोपाळ गणेश आगरकरांवर या दोघांचा प्रभाव होता, हे सर्वमान्य आहे. ‘अज्ञवाद’ असा शब्द केला असता तर तो ‘अडाणीपणा’ असा ऐकू आला असता, ही अडचणही होतीच. शब्द आता रुळला आहे आणि तो बदलण्याचे कारण नाही. पण तो वापरताना त्यात ‘कळणारच नाही’पेक्षा ‘कळलेले नाही’ हा अर्थ प्रधान आहे, एवढे लक्षात ठेवले तरी निम्मा गोंधळ मिटतो.

नास्तिक आणि अज्ञेयवादी यांत फरक काय?

‘मानणे’ आणि ‘जाणणे’ या दोन वेगळ्या क्रिया आहेत. देव मानता का, हा विश्वासाचा प्रश्न आहे. देव आहे हे तुम्हाला ठाऊक आहे का, हा ज्ञानाचा प्रश्न आहे. दोन्ही प्रश्न एकाच माणसाला विचारले तर उत्तरे वेगवेगळी येऊ शकतात.

एखादी आजी रोज देवपूजा करते आणि विचारल्यावर म्हणते, ‘बाबा, कोणी पाहिलाय? पण मला बरं वाटतं.’ तिच्या श्रद्धेत खोट नाही आणि ज्ञानाचा दावाही नाही. दुसरा कोणी देव मानत नाही, पण ‘नाहीच’ असे सिद्ध करता येत नाही, हेही मान्य करतो. काटेकोरपणे पाहिले तर ज्ञानाच्या प्रश्नावर दोघेही अज्ञेयवादी आहेत. विश्वासाच्या प्रश्नावर दोघे दोन टोकांना आहेत. म्हणून ‘आस्तिक, अज्ञेयवादी, नास्तिक’ अशी सरळ रेघ ओढून अज्ञेयवाद्याला मधोमध उभे करणे चुकीचे ठरते.

तत्त्वज्ञ बर्ट्रंड रसेल यांनी १९४७ मध्ये हीच अडचण मांडली. तत्त्वज्ञांसमोर बोलताना आपण स्वतःला अज्ञेयवादी म्हणू, कारण ईश्वर नाही याचा निर्णायक पुरावा देता येत नाही. सामान्य माणसाशी बोलताना नास्तिक म्हणू, कारण ग्रीकांच्या झ्यूसबद्दलही तसा पुरावा देता येत नाही आणि तरीही त्याला कोणी खरा मानत नाही. पुढे १९५२ मध्ये त्यांनी चहाच्या किटलीचा प्रसिद्ध दृष्टान्त दिला. पृथ्वी आणि मंगळ यांच्यामध्ये एक छोटी किटली सूर्याभोवती फिरते आहे आणि ती कुठल्याच दुर्बिणीला दिसत नाही, असे कोणी म्हटले तर ते खोटे ठरवता येणार नाही. पण म्हणून ते खरे मानायची जबाबदारी ऐकणाऱ्यावर येत नाही. पुरावा दावा करणाऱ्याने द्यायचा असतो.

भारतीय परंपरेत या भूमिकेला जागा होती का?

आधी एक खुलासा. ‘नास्तिक’ या शब्दाचा जुना शास्त्रीय अर्थ ‘देव न मानणारा’ असा नव्हता, तर ‘वेदप्रामाण्य न मानणारा’ असा होता. त्यामुळे जगाचा निर्माता ईश्वर न मानणारी सांख्य आणि मीमांसा ही दर्शने आस्तिक गणली गेली, तर बौद्ध, जैन आणि चार्वाक नास्तिक ठरले. आजच्या वादात हे शब्द वापरताना हा फरक बहुतेकांच्या गावीही नसतो.

‘माहीत नाही’ म्हणण्याचे धैर्य मात्र खुद्द ऋग्वेदात आहे. दहाव्या मंडलातले १२९ वे सूक्त, म्हणजे नासदीय सूक्त, सात ऋचांचे आहे. सृष्टी कुठून आली, हे कोणाला ठाऊक असेल, असा प्रश्न त्यात आहे. देवही सृष्टीनंतरचेच, मग त्यांना तरी कसे ठाऊक असणार? आणि शेवटच्या ऋचेत कवी थेट वरच्या अधिष्ठात्याबद्दलच शंका घेतो : त्याला ठाऊक असेल, किंवा कदाचित त्यालाही नसेल. १९८८ मध्ये दूरदर्शनवर आलेल्या श्याम बेनेगल यांच्या ‘भारत एक खोज’च्या शीर्षकगीतात हेच सूक्त होते. रविवारच्या टीव्हीसमोर बसलेल्या घराघरांत ते पोहोचले. त्यात संशय आहे म्हणून कोणाच्या भावना दुखावल्याचे ऐकिवात नाही.

बुद्धांच्या काळात संजय बेलट्ठिपुत्त नावाचे आचार्य होते. परलोक आहे का, या प्रश्नावर ‘आहे’ असेही ते म्हणत नसत, ‘नाही’ असेही नाही आणि ‘दोन्ही नाही’ असेही नाही. पाली ग्रंथांत अशा भूमिकेची तुलना हातातून सुळकन निसटणाऱ्या वाम माशाशी केली आहे. स्वतः बुद्धांनीही जग शाश्वत आहे का, मृत्यूनंतर तथागत असतो का, अशा प्रश्नांची उत्तरे दिली नाहीत. पण त्यांनी कारण दिले. विषारी बाण लागलेला माणूस ‘बाण मारणारा कुठल्या गावचा, कुठल्या वर्णाचा, हे कळेपर्यंत मी बाण काढू देणार नाही’ म्हणाला, तर तो उत्तर मिळण्याआधीच मरेल. दुःख दूर करायला या उत्तरांची गरज नाही, हा त्यांचा मुद्दा होता.

संजय आणि बुद्ध दोघेही उत्तर देत नाहीत. पण एकाला कुठेच अडकायचे नाही, आणि दुसऱ्याला कुठले काम आधी करायचे ते ठाऊक आहे. अज्ञेयवादाची चांगली आणि वाईट अशी दोन्ही रूपे इथे अडीच हजार वर्षांपूर्वीच शेजारी शेजारी उभी दिसतात.

साहित्यात अज्ञेयवाद कसा दिसतो?

निबंधात अज्ञेयवाद युक्तिवाद म्हणून येतो. लेस्ली स्टीफन यांनी १८७६ मध्ये ‘अ‍ॅन अ‍ॅग्नॉस्टिक्स अपॉलॉजी’ हा निबंध लिहिला आणि हा शब्द सुशिक्षित इंग्रजी वाचकांत रुजवायला मदत केली. स्टीफन आधी धर्मगुरूची दीक्षा घेतलेले होते. पुढे त्यांनी ती सोडली. कादंबरीकार व्हर्जिनिया वुल्फ या त्यांच्या कन्या.

कवितेत मात्र तो युक्तिवादापेक्षा मनःस्थिती म्हणून जास्त येतो. टॉमस हार्डी यांची ‘द ऑक्सन’ ही छोटी कविता १९१५ च्या नाताळच्या आदल्या दिवशी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये छापून आली. युरोपात महायुद्ध पेटलेले होते. नाताळच्या मध्यरात्री गोठ्यातले बैल गुडघे टेकतात, अशी तिकडच्या खेड्यांतली समजूत. कवितेतल्या माणसाला लहानपणी ती खरी वाटायची, आता वाटत नाही. तरीही आज कोणी ‘चल, गोठ्यात जाऊन बघू’ म्हणाले तर तो अंधारात निघेल, कदाचित खरे असेल या आशेने.

हा माणूस मराठी वाचकाला परका वाटू नये. दहाव्याला घाटावर पिंड ठेवून कावळ्याची वाट पाहणाऱ्या घोळक्यात तो नेहमी असतो. एरवी त्याचा यावर विश्वास नसतो. पण कावळा शिवत नाही तोवर त्याचीही नजर झाडावरून हटत नाही. त्याला ढोंगी म्हणणे सोपे आहे. ठाऊक नसणे आणि तरीही खरे असावेसे वाटणे, या दोन्ही गोष्टी एकाच माणसात एकाच वेळी असू शकतात, हे साहित्याने तत्त्वज्ञानाआधी ओळखले. फक्त हक्सले यांचा धडा विसरायचा नाही : असावेसे वाटणे हा पुरावा नव्हे.

मराठीत ज्ञानाच्या मर्यादेचा प्रश्न कवितेत थेट आणला तो विंदा करंदीकरांनी. ‘अष्टदर्शने’मध्ये त्यांनी देकार्त ते चार्वाक असे आठ विचारवंत मांडले. त्यांत ईश्वराच्या अस्तित्वाचे पुरावे शुद्ध बुद्धीच्या कक्षेत बसत नाहीत, असे दाखवणारे इमॅन्युएल कांटही आहेत.

हिंदीत तर हा शब्द एका लेखकाचे नावच होऊन बसला. क्रांतिकारकांच्या खटल्यात तुरुंगात असलेल्या सच्चिदानंद हीरानंद वात्स्यायन यांच्या कथा जैनेंद्रकुमारांमार्फत प्रेमचंदांकडे पोहोचल्या. लेखकाचे खरे नाव छापणे शक्य नव्हते, म्हणून त्या ‘अज्ञेय’ या नावाने छापल्या गेल्या. पुढे १९७८ चा ज्ञानपीठ मिळालेल्या या लेखकाच्या नावाचा अज्ञेयवादाशी संबंध नाही. ते फक्त नाव लपवण्यापुरते होते, आणि पुढे तेच सर्वांत जास्त ज्ञात झाले.

मोबाइल आणि औषधांच्या जगात हा शब्द कसा शिरला?

आज तरुणांच्या कानावर हा शब्द तत्त्वज्ञानाआधी सॉफ्टवेअरमधून पडतो. ‘प्लॅटफॉर्म-अ‍ॅग्नॉस्टिक’ म्हणजे कुठल्याही ऑपरेटिंग सिस्टीमवर चालणारे, ‘डिव्हाइस-अ‍ॅग्नॉस्टिक’ म्हणजे कुठल्याही उपकरणावर चालणारे. भाजीवाल्याच्या गाडीवरचा यूपीआयचा क्यूआर कोड हे सोपे उदाहरण. ग्राहकाच्या फोनमध्ये कोणते अ‍ॅप आणि खाते कोणत्या बँकेत, याच्याशी त्या कोडला देणेघेणे नसते. वैद्यकशास्त्रात २०१७ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने पेम्ब्रोलिझुमॅब या औषधाला ‘ट्यूमर-अ‍ॅग्नॉस्टिक’ मंजुरी दिली. कर्करोग कोणत्या अवयवात आहे यापेक्षा गाठीत विशिष्ट जनुकीय खूण आहे का, यावर ते औषध द्यायचे ठरते.

या वापरात गैर काही नाही. मराठीत त्याला ‘निरपेक्ष’ हा नेमका शब्द आहे. पण इथे अर्थ हळूच सरकला आहे. हक्सले यांचा ‘अ‍ॅग्नॉस्टिक’ म्हणजे ‘मला ठाऊक नाही’, सॉफ्टवेअरमधला म्हणजे ‘मला फरक पडत नाही’. आणि हा दुसरा अर्थ आता माणसांकडे परत येतो आहे. समाजमाध्यमांवरच्या ओळखीत ‘अ‍ॅग्नॉस्टिक’ लिहिणाऱ्या अनेकांना ‘या विषयात मला पाडू नका’ एवढेच सुचवायचे असते. ते त्यांचे स्वातंत्र्य आहे. पण त्याचे नाव उदासीनता. हक्सले आयुष्यभर या प्रश्नावर लिहीत राहिले, वाद घालत राहिले. त्यांना फरक पडत होता.

ही पळवाट आहे, ही टीका कितपत खरी?

टीका जुनी आहे. फ्रेडरिक एंगल्स यांनी १८९२ मध्ये अज्ञेयवादाला ‘लाजणारा भौतिकवाद’ म्हटले. मनातून देव मानायचा नाही, पण उघड बोलायचे नाही, असा त्यांचा टोमणा होता. महाराष्ट्रातही ‘परमेश्वराला रिटायर करा’ असे जाहीरपणे लिहिणाऱ्या डॉ. श्रीराम लागूंसारख्यांच्या शेजारी अज्ञेयवादी मिळमिळीत वाटतात.

टीकेत तथ्य आहे, पण ते अज्ञेयवादाच्या एका नकली रूपाबद्दल. ‘काय सांगावं, असेलही’ हे ते रूप. भूत आहे का? असेलही. बाबांच्या अंगाऱ्याने ताप उतरतो का? काय सांगावं. पत्रिका जुळली नाही तर लग्न मोडते का? कशाला विषाची परीक्षा घ्या! हे बोलणे नम्र वाटते, पण त्यात मोठी गफलत आहे. अंगाऱ्याने ताप उतरतो का, हे तपासता येते. जे तपासता येते त्याबद्दल ‘माहीत नाही’ म्हणून बसून राहणे हा अज्ञेयवाद नव्हे, तो आळस आहे.

हक्सले यांच्या तत्त्वाला दोन बाजू होत्या. बुद्धी जिथवर नेईल तिथवर बेधडक जा, ही पहिली. जे सिद्ध झालेले नाही आणि होऊ शकत नाही, ते सिद्ध झाल्याचा आव आणू नका, ही दुसरी. नकली अज्ञेयवादी दुसरी बाजू मिरवतो आणि पहिली गुंडाळून ठेवतो.

याचे सर्वांत व्यवहारी उदाहरण महाराष्ट्रातच आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली आणि त्याच वर्षी राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आला. हा कायदा देव आहे की नाही यावर एक शब्दही बोलत नाही. नरबळी, भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण, अघोरी उपचार, चमत्काराच्या नावाने फसवणूक अशा ठरावीक कृत्यांना तो गुन्हा ठरवतो. न सुटणारा प्रश्न बाजूला ठेवून, जे तपासता येते आणि ज्याने माणसाला इजा होते, तिथे ठाम राहायचे. बुद्धांच्या बाणाच्या दृष्टान्तात तरी दुसरे काय आहे?

आगरकरांना अभ्यासकांनी कधी नास्तिक म्हटले, कधी अज्ञेयवादी. लेबल कोणतेही लावले तरी ‘शास्त्रात आहे’ एवढ्यावर त्यांनी कुठलीही रूढी सोडून दिली नाही. हयातीतच त्यांची प्रेतयात्रा काढली गेली, ती मिळमिळीतपणासाठी नक्कीच नव्हे.

मग धर्माच्या रकान्यात काय लिहायचे?

इथे हा शब्द पुस्तकातून बाहेर येतो. २०११ च्या जनगणनेत सुमारे २९ लाख भारतीयांची नोंद ‘धर्म सांगितला नाही’ अशी झाली. एकूण लोकसंख्येत हे प्रमाण पाव टक्क्याच्या आसपास होते. स्वतःला नास्तिक म्हणून नोंदवणारे देशभरात फक्त ३३ हजारांच्या घरात होते आणि त्यांत सर्वाधिक, साडेनऊ हजारांहून अधिक, महाराष्ट्रातले होते. हे सगळे २९ लाख लोक अज्ञेयवादी आहेत, असा निष्कर्ष कोणी काढू नये. कोणी प्रश्न टाळला असेल, कोणाची नोंदच राहिली असेल. नेमके हेच दाखवते की आपल्याकडे हे उत्तर मोजले जात नाही.

तुलनेसाठी, हक्सले यांच्या देशात, इंग्लंड आणि वेल्समध्ये, २००१ पासून धर्माचा प्रश्न ऐच्छिक आहे आणि ‘कोणताही धर्म नाही’ असा पर्याय छापलेला असतो. २०२१ मध्ये ३७.२ टक्के लोकांनी तो निवडला. त्यांतही देव मानणारे असू शकतात.

हे विचित्र वाटत असेल तर मुंबई उच्च न्यायालयाचा सप्टेंबर २०१४ चा निकाल पाहावा. राजपत्रात ‘धर्म नाही’ अशी नोंद करून मिळावी म्हणून तिघे न्यायालयात गेले होते. तिघांचीही येशू ख्रिस्तावर श्रद्धा होती. त्यांना धर्माचे लेबल नको होते. आपला कोणताही धर्म नाही, असे म्हणण्याचा अधिकार सदसद्विवेकबुद्धीच्या स्वातंत्र्यातच येतो आणि कोणतीही सरकारी यंत्रणा धर्म सांगायची सक्ती करू शकत नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. राज्यघटनेनेही पदाची शपथ घेताना ईश्वरसाक्ष शपथ किंवा गांभीर्यपूर्वक दृढकथन असे दोन मार्ग पहिल्या दिवसापासून ठेवले आहेत. दुसरा का निवडला, हे सांगायची सक्ती नाही.

जनगणना कायदा नागरिकाला आपल्या माहितीनुसार किंवा समजुतीनुसार खरे उत्तर द्यायला बांधतो. धर्म हा प्रश्न ओळखीचा, घरच्या चालीरीतींचा, सणवारांचाही आहे. त्यामुळे एखादा अज्ञेयवादी तिथे हिंदू, बौद्ध, मुस्लिम किंवा ख्रिस्ती लिहील आणि ते खोटे ठरणार नाही. दुसरा कोणी ‘धर्म नाही’ म्हणेल आणि तेही खोटे नसेल. महत्त्वाचे हे, की उत्तर त्याचे स्वतःचे असावे. प्रगणकाने नाव ऐकून रकाना परस्पर भरू नये आणि कुटुंबप्रमुखाने घरातल्या सज्ञान मुलामुलींना न विचारता सर्वांचे उत्तर एकाच दमात सांगू नये.

शब्द जपून का वापरायला हवा?

सध्याच्या वातावरणात प्रत्येकाने प्रत्येक विषयावर लगेच आणि ठाम बोलावे अशी अपेक्षा असते. देवाबद्दलच नव्हे, तर आजारावरच्या उपायाबद्दल, परग्रहावरच्या जीवसृष्टीबद्दल, कृत्रिम बुद्धिमत्तेला जाणीव आहे का याबद्दलही. अशा वेळी ‘मला ठाऊक नाही, पण कशाने ठरवता येईल ते सांगतो’ एवढे म्हणू शकणारी माणसे प्रत्येक घरात, वर्गात आणि वृत्तकक्षात लागतात.

म्हणून अज्ञेयवादाची कसोटी साधी आहे. ‘माहीत नाही’ म्हटल्यावर माणूस पुढे काय करतो, ते पाहावे. तो प्रश्न सोडून झोपी जात असेल तर ती उदासीनता. ‘असेलही’ म्हणत गंडा बांधून घेत असेल तर ती भीती. जे तपासता येते ते तपासत असेल आणि जे येत नाही त्याबद्दल दुसऱ्याच्या श्रद्धेवर किंवा अश्रद्धेवर हात उगारत नसेल, तर तो खरा अज्ञेयवादी. पुढच्या वेळी डब्याच्या सुट्टीत कोणी ‘माहीत नाही’ म्हणाले, तर त्याला हसण्याआधी ‘का?’ असे विचारून पाहायला हरकत नाही.